‘हेरिटेज हॉल’च्या बुकिंगबद्दल तक्रार, ५२,००० रुपये ॲडव्हान्स परत करा

ही मेल मॅनेजमेंटसाठी आहे. कस्टमर केअरने मध्येच उत्तर देऊन परत तिकीट बंद करू नये. आज सकाळी सहाव्यांदा फोन केला आणि दुपारी मेसेज आला की माझी तक्रार ‘रिझॉल्व्ह’ झाली. काय रिझॉल्व्ह झालं? पैसे अजून तुमच्याकडेच आहेत.

बुकिंग डिसेंबरातल्या रविवारचं, ११ ते ४, तुमच्या ॲपवरचा फोर्टातला तो हॉल. आम्ही गिरगावातल्या एका शाळेची १९८६ ची दहावीची बॅच, यंदा चाळीस वर्षं झाली, शिक्षक धरून ११० माणसं. गिरगावात आता आमच्यातले सात-आठच राहिलेत, बाकीचे डोंबिवली, बदलापूर, विरार. ठाण्यात लिफ्टवाले, पार्किंगवाले एसी हॉल हवे तेवढे मिळाले असते, पण सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की भेटायचं तर टाउनमध्येच, जिथे वाढलो तिथे. ऑपेरा हाउसचा विषय निघाला होता, लहानपणापासून बघितलेलं, १९९३ ला बंद पडलं, २०१६ ला परत उघडलं, पण ते पडलं थिएटर, पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या, आणि आम्हाला टेबलाभोवती बसून गप्पा मारत जेवायचं होतं. म्हणून तुमच्याकडे आलो. मुंबईतल्या वेगळ्या जागा तुम्हाला आतून माहीत आहेत असं तुम्हीच लिहिता ना?

जागा बघायला मिळाली ती ॲडव्हान्स भरल्यावर. आधी दाखवत नाही, पॉलिसी आहे म्हणे. गेल्या शनिवारी मी आणि माझी मैत्रीण गेलो. हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. लाकडी जिना, ४६ पायऱ्या, मी मोजल्या. प्रत्येक पायरी मधोमध झिजून खोलगट झालेली, वळणावर कठडा हलतोय, दिवसाढवळ्या वॉचमन मोबाईलचा टॉर्च धरून पुढे चालत होता. बाथरूम अर्धा जिना खाली, म्हणजे जेवणानंतर हात धुवायलाही तोच जिना. ॲपवर यातलं एक अक्षर नाही. लिफ्ट आहे की नाही हा साधा कॉलमच नाही तुमच्याकडे!

तुम्ही लिहिलंय १२० माणसांची कपॅसिटी. खुर्च्या ओळीने लावल्या तर १२०, गोल टेबलं मांडली तर ६०-६५ च्या वर बसत नाहीत, हे तिथल्या माणसानेच सांगितलं. मी बुकिंग करताना ‘बसून जेवण’ हाच ऑप्शन निवडला होता, तरी तुमच्या सिस्टीमने ११० माणसं घेतली. शिवाय युनेस्कोचा शिक्का लावलाय फोटोवर. २०१८ ला युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या आणि मरीन ड्राइव्हच्या इमारती, ही गल्लीतली इमारत त्यात नाही. आम्ही एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून मोठे झालेली माणसं आहोत, फोर्टमधली कुठली इमारत काय आहे ते आम्हाला कळतं. आणि ११ ते ४ ही वेळ तुमच्याच माणसाने सुचवली, दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवतात तो रविवारचा मेगाब्लॉक नेमका त्याच वेळात असतो हे मुंबईत इव्हेंट करणाऱ्याला माहीत नको?

आता आजचा फोन. बावीस मिनिटं होल्डवर ठेवल्यावर तुमचे रिलेशनशिप मॅनेजर आले. मी शांतपणे सांगितलं की आमच्या गणिताच्या बाई ८४ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत, त्यांना ४६ पायऱ्या चढता येणार नाहीत. तर म्हणाले, “मॅडम, जुनी बिल्डिंग म्हटल्यावर जिना असणारच.” मी म्हटलं, जिना असू दे, पण तो आधी सांगायला नको? तर म्हणाले, “तुम्ही साइट व्हिजिट केलीत म्हणजे जागा ॲप्रूव्ह केलीत असं आम्ही धरतो.” पैसे घेतल्याशिवाय व्हिजिट देत नाही आणि व्हिजिट केली की ॲप्रूव्ह! मी परत बाईंचं सांगितलं. त्यावर हे गृहस्थ म्हणाले, “आपले लोडर असतात ना मॅडम, स्पीकर, जनरेटर वर नेतात, ते खुर्चीसकट उचलून नेतील, दोन माणसांचा चार्ज एक्स्ट्रा लागेल.” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, काय म्हणालात? त्यांनी तेच सगळं परत सांगितलं, चार्जसकट. वर म्हणाले, “नाहीतर त्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, वय बघता तेच बरं.”

ज्या बाई वर्गात आल्या की साठ पोरं एका दमात उभी राहायची, शाळा सुटल्यावर आमच्यातल्या कितीतरी जणांना ज्यांनी एक पैसा न घेता शिकवलं, त्यांना सामानासारखं उचलून वर न्यायचं आणि त्याचे पैसे लावायचे? हा सगळा घाट आम्ही त्यांच्यासाठी घातलाय. मला फोनवर रडू आलं, राग आला म्हणून रडू आलं. तुमच्या माणसाने तेवढ्यात विचारलं, “अजून काही मदत हवीये का?”

लोडर! अजून डोक्यातून जात नाहीये.

पुढचं स्पष्ट सांगते. सात दिवसांत ५२,००० रुपये पूर्ण परत हवेत, कॅन्सलेशन चार्ज न कापता, कारण जागा जशी दाखवलीत तशी ती नाहीच. नाही आले तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार आणि ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहते तिथे केस टाकता येते, तुमच्या ऑफिसच्या गावी यायची गरज नाही. स्क्रीनशॉट, जिन्याचे फोटो, कॉलच्या वेळा सगळं ठेवलंय. आणि त्या हॉलच्या पानावर आजच्या आज लिहा, दुसरा मजला, लिफ्ट नाही, ४६ पायऱ्या, टेबलं मांडून ६०. दुसऱ्या कोणाच्या आईवडिलांना त्या जिन्याखाली उभं राहायला लागू नये.

बाईंबद्दल जे बोललात त्याची लेखी माफी हवी, मराठीत. ती माझ्या नावाने पाठवा. बाईंना यातलं काहीच कळू द्यायचं नाहीये, शनिवारी आम्ही त्यांच्याकडे आमंत्रण घेऊन जातोय.