पोट लहान दिसतंय म्हणे

सावईवेरे, गोवा
श्रावण, शुक्रवार दुपार

प्रिय वैशू,

‘डॉक्टर काय म्हणाल्या?’ या तुझ्या प्रश्नाला मी नुसता अंगठा पाठवला म्हणून रागावली असशील. पण एवढं सगळं मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा आला होता. आज वीज गेलीय, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि सासूबाई शेजारी माटोळीच्या (चतुर्थीला गणपतीवर बांधतात ती) गप्पा मारायला गेल्यात. म्हणून वही घेऊन बसले. आधी हे वाच, म्हणजे पुढचं धडधडत वाचावं लागणार नाही: आत्ता या घडीला बाळ ठीक आहे. वही पोटाला टेकवून बसलेय तर वहीच उडवतंय.

झालं असं की 34व्या आठवड्याच्या तपासणीला डॉक्टरांनी नेहमीसारखी टेप लावली. ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात ना, ती. चोविसाव्या आठवड्यानंतर जितके आठवडे साधारण तितके सेंटिमीटर, असा त्यांचा ठोकताळा. माझे 31 भरले. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा एकदा मोजलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. मला त्यांच्या न बोलण्याचीच धास्ती वाटली.

सोनोग्राफीत डोकं आणि मांडीचं हाड आठवड्यांना धरून होतं, पोटाचा घेर मात्र मागे. अंदाजे वजन 1900 ग्रॅम, सातवा पर्सेंटाइल. तिथल्या माणसाने पडद्यावरची नजरही न काढता सांगितलं, “बाळ सुकतंय.” बस. पोटावरची जेली पुसायला कागद दिला आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं. वैशू, ज्याला यंत्रातलं सगळं दिसतं त्याला टेबलावरची बाई दिसू नये? त्या सेंटरचं नाव लिहीत नाही, पण पुढची सोनोग्राफी मी दुसरीकडे करून घेतली.

घरी आल्यावर सासूबाईंनी ‘सात’ ऐकलं आणि त्यांना वाटलं शंभरात सात मार्क. बाळ नापास! नवरा गणिताचा मास्तर असल्याचा उपयोग त्या दिवशी पहिल्यांदा झाला. त्याने आईला बसवून समजावलं: इतक्याच आठवड्यांची शंभर बाळं ओळीने उभी केली तर सात आपल्यापेक्षा हलकी, बाकीची जड. ओळ म्हटली की पुढे कोणीतरी असणारच. सासूबाई म्हणाल्या, “पुण आमचेंच कित्याक?” पण आपलंच का, यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांकडे थोडंफार होतं. दहाच्या खाली रेघ गेली की लक्ष ठेवायचं, तीनच्या खाली गेली की जास्तच, हा त्यांचा नियम. पण दहाच्या खालची पुष्कळ बाळं नुसती चणीने लहान असतात, त्यांना काहीही झालेलं नसतं. माझी उंची तुला माहीत आहेच, शाळेच्या प्रार्थनेला कायम पहिल्या रांगेत. आईला विचारलं तर म्हणाली, तूही सव्वादोन किलोचीच होतीस. डॉक्टरांनी हे लिहून घेतलं, पण एवढ्यावर निश्चिंत व्हायला त्या तयार नव्हत्या. त्यांना बघायचं होतं की बाळ जात्याच लहान आहे की वारेकडून, म्हणजे प्लासेंटाकडून, त्याला कमी पोचतंय. नुसत्या वजनावरून ते कळत नाही.

त्यासाठी डॉपलर करतात. नाळेतल्या रक्तवाहिनीत रक्त किती सहज वाहतंय ते बघतात. वार थकली असेल तर दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह कमी होत जातो, फारच बिघडलं तर थांबतो, उलटाही फिरतो. मग बाळाच्या मेंदूतली रक्तवाहिनी बघतात. कमी मिळायला लागलं की बाळ स्वतःच वाटणी बदलतं, मेंदूकडे जास्त पाठवतं आणि बाकी अंगाला काटकसर. म्हणूनच पोटाचा घेर आधी मागे पडतो, कारण यकृतात साखरेचा साठा होत नाही. हे ऐकल्यावर, खरं सांगते, भीतीच्या आधी मला त्या जिवाचं कौतुक वाटलं. अजून श्वास घेतलेला नाही आणि घरखर्च सांभाळतंय.

आमच्या दोन्ही वाहिन्या ठीक निघाल्या, बाळाभोवतीचं पाणीही पुरेसं होतं. रक्तदाब, लघवीतलं प्रथिन, हिमोग्लोबिन, सगळं पाहिलं. मग दोन आठवडे वाट. त्याआधी वजन पुन्हा मोजण्यात अर्थ नाही, कारण सोनोग्राफीतलं वजन हा हिशोबाने काढलेला अंदाज असतो, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आठ दिवसांची वाढ त्या चुकीतच बुडून जाते. परवा 36 पूर्ण झाल्यावर बघितलं: 2230 ग्रॅम. पर्सेंटाइल तिथेच, सहा-सातच्या आसपास. मास्तरने आलेख काढून फ्रिजवर लावलाय. रेघ खालून चाललीय, पण तक्त्यातल्या रेघांना समांतर. डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. रेघ खाली वळली असती तर बेत वेगळा झाला असता.

मास्तरचं एवढ्याने भागेना. ज्या तक्त्यावर आपलं बाळ सातवं येतं तो कुठून आला, हे त्याने शोधून काढलं. 1991 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या 392 बायकांच्या सोनोग्राफींवरून तो बनवला होता. नंतर 2014 मध्ये आठ देशांतल्या बायकांवरून दुसरा तक्ता आला आणि त्यात आपलं नागपूर होतं! तेव्हापासून सासूबाईंना नागपूरचा तक्ता हवाय. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, तक्ता कुठलाही घ्या, मी डॉपलर आणि रेघेची दिशा बघणार.

आता खाण्याचं. हे जरा लांब होईल, कारण इथेच मला जास्त त्रास झाला.

पोट लहान दिसतंय असं कोणी म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: नीट खात नाहीस का? बसथांब्यावर, बाजारात, देवळात, ज्यांच्याशी मी आयुष्यात दोनदा बोलले नाही अशा बायकासुद्धा. घरात डिंकाचे लाडू, नाचणीचं सत्व, तूप, रोजचं आडसर (शहाळं), आणि कोणा नातेवाइकाने पाठवलेला चॉकलेटच्या वासाचा प्रोटीन पावडरचा डबा. मी सगळं गिळत होते आणि रात्री छातीत जळजळ घेऊन बसत होते. शेवटी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, मी कमी खाल्लं म्हणून झालं का? त्या नाही म्हणाल्या. वारेकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंदावण्याचं काम गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात होतं. ते कमी झालं असेल तर आता लाडवांनी भरून निघत नाही. उपाशी राहणाऱ्या, अंगावर काही नसलेल्या बाईला जास्तीच्या जेवणाने फरक पडतो. चांगलं जेवणाऱ्या बाईच्या पोटात आणखी प्रोटीन ओतून बाळ वाढत नाही. ॲस्पिरिनची छोटी गोळीही सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर कामाची, आता नाही. आणि दिवसभर पडून राहायचीही गरज नाही, त्याने वाढ होत नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. फक्त झोपताना कुशीवर, उताणं नको, कारण गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. याज्ञिकांचा जवळच्या सहा खेड्यांतला अभ्यास तू कदाचित ऐकला असशील. 1993 पासून चाललाय. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. त्यात आढळलं की आईने किती उष्मांक नि प्रथिनं घेतली याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध लागला नाही, पालेभाज्या, फळं आणि दुधाशी लागला. म्हणून मी आता तांबडी भाजी मनापासून खाते, केळी खाते, आणि तो चॉकलेटचा डबा मास्तर शाळेत घेऊन गेलाय. तांबड्या भाजीने या महिन्यात चमत्कार होणार नाही हे मला कळतं. पण आवडते म्हणून खाल्लेला घास आणि आरोप म्हणून खाल्लेला घास यांत माझ्यापुरता तरी फार फरक आहे.

मी स्वतः करण्यासारखं खरं काम एकच निघालं, ते म्हणजे बाळाच्या हालचालींवर लक्ष. रात्री जेवून डाव्या कुशीवर पडते. दोन तासांत दहा हालचाली व्हाव्यात असा एक हिशोब असतो, आमचं बाळ ते बहुतेक अर्ध्या तासात उरकतं. पण आकड्यापेक्षा त्याची रोजची चाल ओळख, असं डॉक्टर म्हणतात. आमच्याचा पहाटेचा गोंधळ ठरलेला, दुपारी झोप, आणि रात्री मास्तर पेपर तपासायला बसला की पुन्हा सुरू.

गेल्या आठवड्यात एका रात्री ते सुरूच होईना. पाणी प्यायले, कूस बदलली. एखादी मंद वळवळ, पुढे काही नाही. सासूबाई म्हणाल्या, “गोड खा, हलेल.” मला डॉक्टरांचं वाक्य आठवत होतं: हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही, गोड खाऊन, गार पिऊन बघत बसायचं नाही, निघायचं. घरी ठोके ऐकायची यंत्रं मिळतात, तीही नकोत म्हणाल्या होत्या, कारण ठोका ऐकू आला म्हणजे बाळ खुशाल आहे असं होत नाही, आणि आपण उगाच घरी थांबतो. तरी निघताना मला लाज वाटत होती, ती कसली कोण जाणे. रात्री साऱ्यांना उठवायची असेल. कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, रस्ता पाण्याने भरलेला, पोफळीचं झावळं आडवं पडलेलं, मास्तर ते ओढायला उतरला तर चप्पल वाहून गेली. मी गाडीत बसून पोटाशी बोलत होते, काय बोलत होते ते विचारू नकोस.

फोंड्याला दवाखान्यात पोचल्यावर नर्सने एनएसटी लावलं, बाळाचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र. दोन पट्टे पोटावर, हातात बटण, हललं की दाबायचं. सुरुवातीला ठोके 130 च्या घरात सपाट चालले होते. नुसती लय, चढ नाही. नर्स शांतपणे म्हणाली, झोपलं असेल, बाळं वीस-चाळीस मिनिटं झोपतात. मी कागदाकडे बघत राहिले. मग अचानक रेघ वर गेली, 150 च्या पुढे, थोडी टिकली आणि उतरली, आणि त्याच वेळी मला बरगडीखाली दणका बसला. पुन्हा वर. हे असे चढ यावे लागतात. रडले मी, अर्थातच. निघताना सॉरी म्हणाले तर नर्स म्हणाली, “उद्या परत वाटलं तर उद्या परत या.” तिला मी बारशाला बोलावणार आहे.

आता बेत असा. दर आठवड्याला डॉपलर आणि एनएसटी. सगळं असंच राहिलं तर 38वा भरल्यावर कळा आणायच्या, 39 च्या पुढे न्यायचं नाही. बिघडलं तर आधीच. कळांमध्ये लहान बाळ लवकर दमतं, म्हणून ठोके सतत बघतील, सिझेरियनची तयारी मनाने ठेवायची. जन्मल्यावर साखर तपासतील, ऊब सांभाळावी लागेल, दूध थोडं थोडं पण वारंवार. अगदीच गरज पडली तर गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला हलवतील. बाळाला उघड्या छातीवर धरून ठेवायचं ते कांगारू तंत्र वडिलांनाही करता येतं असं कळल्यापासून मास्तर आरशासमोर छाती फुगवून उभा राहतो.

पण 38वा आठवडा येतोय नेमका चतुर्थीच्या तोंडावर! चतुर्थीच्या आधी जन्म झाला तर घरात सोयर, म्हणजे गणपती बसवायचा कसा? सासरे पंचांग घेऊन बसले, दोन दिवस पुढे ढकलता येईल का म्हणून कुणाला तरी फोनही केला. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी पंचांग मिटलं. “गणपती आमचोच, तो रावतलो,” म्हणजे तो थांबेल, म्हणाल्या, आणि मासळी साफ करायला गेल्या. लाडवांवरून मी त्यांच्यावर मनातल्या मनात जेवढी चिडले होते, त्यातलं निम्मं तिथेच माफ केलं. निम्मं ठेवलंय.

तुझ्याकडून मला काय हवंय ते सांगते. लिंका पाठवू नकोस. ‘सगळं छान होईल’ही नको, त्यावर मला काय बोलावं ते सुचत नाही. तुझ्या ऑफिसातल्या त्या साहेबाचे किस्से व्हॉइस मेसेजवर पाठव, लांबलचक. रात्री हालचाली मोजताना ऐकीन. कोणी पोटाबद्दल विचारलं की मी आता एवढंच सांगते, “डॉक्टर लक्ष ठेवून आहेत,” आणि विषय पावसावर नेते. इथे पावसावर तासभर सहज जातो.

आणि बेळगावहून येशील ती बाळंतपणानंतर ये, आधी नको. आधी आलीस तर आपण दोघी मिळून घाबरू. येताना कुंदा आण, चांगला अर्धा किलो, तो मी फक्त आवडतो म्हणून खाणार आहे. बाबांच्या मोतीबिंदूचं काय झालं ते कळव. पुढचं डॉपलर मंगळवारी सकाळी आहे, बाराच्या पुढे फोन कर.

तुझी,
सुमा