दादा, तुम्ही आधी विचारलंत ‘गाडी चालवतं कोण?’

दादा,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गाडीचं काम तुम्ही केलंत, पण फोनवर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. इथे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे जुन्या स्पोर्ट्स कूपे आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ ऑटोमॅटिक आहेत. त्यांनाही हे वाचता यावं, हा दुसरा हेतू.

आमची गाडी २०१३ ची सायन एफआर-एस, सहा गिअरची ऑटोमॅटिक. सायन हे नाव २०१६ मध्ये बंद झालं आणि हीच गाडी पुढे टोयोटा ८६ म्हणून विकली गेली. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही ज्या दुकानांत गेलो, तिथे पहिलं वाक्य ठरलेलं असे: ‘ऑटोमॅटिक आहे? मग हिच्यावर कशाला खर्च करता?’ आणि हे म्हणणाऱ्यांनीच खर्च मात्र भरपूर करायला लावला. माझ्या डाव्या गुडघ्याला क्लच झेपत नाही, हे सांगायची वेळही कोणी येऊ दिली नाही. बोलणं सगळं माझ्या नवऱ्याशी, आणि गाडी रोज चालवते मी.

तुमच्याकडे आल्यावर बॉनेट उघडण्याआधी तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, ‘चालवतं कोण? शेजारी कोण बसतं? रोजचा रस्ता कोणता?’ ऑटोमॅटिक का घेतली, हे आजवर एकदाही विचारलं नाहीत. त्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतूनच पुढची सगळी यादी निघाली. रोजचा रस्ता ८८० फ्रीवे, काँक्रीटच्या सांध्यांचा. शेजारी बऱ्याचदा सासूबाई, कंबरेचा त्रास असलेल्या. आणि मोकळ्या सकाळी साराटोगाहून हायवे ९ ने स्कायलाइनपर्यंतची वळणं.

आधीच्या दुकानानं बसवलेला कॉइलओव्हरचा, म्हणजे शॉकअप आणि त्यावरच्या कडक स्प्रिंगांचा, संच पाहून तुम्ही कुणाला नावं ठेवली नाहीत. फक्त वहीच्या पानावर हिशेब मांडलात, आणि तो मी इथे मुद्दाम देतेय, कारण तो कुठल्याच विक्रेत्यानं आम्हाला दाखवला नव्हता. संचात पुढे-मागे सारख्याच, ८ किलो प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगा होत्या. पण चाकाला जाणवतो तो कडकपणा वेगळा. चाक एक मिलिमीटर वर गेलं तर स्प्रिंग किती दबते, त्या गुणोत्तराचा वर्ग करून स्प्रिंगच्या कडकपणाला गुणायचं. या गाडीत पुढच्या सस्पेन्शनची रचना मॅकफर्सन स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात), गुणोत्तर ०.९५ च्या आसपास. मागे डबल विशबोन (चाक वर-खाली दोन आर्मांनी धरलेलं), तिथे साधारण ०.७५. म्हणजे पुढच्या चाकाला ७.२ आणि मागच्याला जेमतेम ४.५. पुढचा भाग मागच्यापेक्षा कितीतरी कडक. म्हणून गाडी वळणात नाक बाहेर काढायची आणि फ्रीवेच्या प्रत्येक सांध्यावर पुढून ठोसा द्यायची. कंपनीनं मूळ गाडीत मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा कडक दिली आहे, ती याच कारणासाठी. ‘सेकंदाला सव्वादोन-अडीच वेळा हलणारी गाडी ट्रॅकवर चालते, घरच्या माणसांना नाही,’ असं तुम्ही म्हणालात.

नुसत्या स्प्रिंगा बदलून भागेल का, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हाही तुम्ही सोपा पैसा घेतला नाहीत. ८ किलोच्या स्प्रिंगसाठी जुळवलेल्या शॉकअपला ४ किलोची स्प्रिंग दिली, तर तो तिला वेळेत उलगडू देत नाही. लागोपाठच्या उंचवट्यांवर गाडी थोडी थोडी खालीच बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. शॉकअप आणि स्प्रिंग ही जोडी असते, एकाला बदलायचं तर दुसऱ्याचं ऐकावं लागतं. तेव्हा संच विकून टाका, आणि माळ्यावर पडलेले मूळ शॉकअप परत बसवा, हा तुमचा सल्ला. त्यांवर मूळच्यापेक्षा साधारण २०-२५ टक्के कडक आणि सुमारे २० मिमी खाली बसणाऱ्या स्प्रिंगा. मूळ शॉकअप एवढं ओझं नीट पेलतात. त्याहून खाली गेलं की वरची चाल संपते आणि मग गाडी स्प्रिंगवर नाही, रबराच्या बंपस्टॉपवर चालते. जुना संच विकून आमच्या गाडीचा खर्च भागला, हे कुठल्या दुकानात शक्य झालं असतं?

आता त्या एका गोष्टीबद्दल, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

गाडी लिफ्टवर असताना तुम्ही मागच्या आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) एक बुश, म्हणजे सांध्यातला रबरी तुकडा, बोटानं दाखवलात. रबर पिळवटलेलं, कडेला बारीक चिरा. आधीच्यांनी काम केलं तेव्हा चाकं हवेत लोंबत होती आणि त्याच अवस्थेत सगळे बोल्ट आवळले होते. या बुशांत रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. आवळताना आर्म ज्या कोनात असेल तोच त्या रबराचा आरामाचा कोन ठरतो. हवेत आवळलं आणि गाडी खाली ठेवली, की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते दुसऱ्या स्प्रिंगसारखं वागतं, गाडीची उंची खोटी दिसते, हादरे वाढतात आणि काही महिन्यांत रबर फाटतं. ज्या कडकपणाचा दोष आम्ही नुसत्या स्प्रिंगांना देत होतो, त्यातला काही भाग इथला होता.

तुम्ही फाटत आलेले बुश बदललेत, आणि सगळे बोल्ट हातानं लावून सैलच ठेवलेत: पुढचे खालचे आर्म, मागचे वरचे आणि खालचे, ट्रेलिंग लिंक, टो लिंक. मग गाडी चाकांवर उतरवून अलाइनमेंटच्या रॅकवर घेतलीत. आणि मग, आधी माफी मागून, तुम्ही मला माझं वजन विचारलंत. मी सांगितलं, ५८ किलो. तुम्ही घरातून तांदळाच्या आणि कणकेच्या पिशव्या आणल्यात, काट्यावर मोजून ५८ किलो चालकाच्या सीटवर ठेवलंत. नंतर सासूबाईंचं वजन विचारून तेवढं शेजारच्या सीटवर. पुढे झुकू नये म्हणून पट्टे लावलेत. गाडी दोन-चारदा हातानं दाबून बसवलीत, आणि मगच एकेक बोल्ट टॉर्क रेंचनं आवळलात. प्रत्येक बोल्टवर पिवळी खूण केलीत.

मला ठाऊक आहे, एवढ्या वजनानं कॅम्बरमध्ये, म्हणजे चाकाच्या उभ्या कलात, अंशाच्या दहाव्या भागाइतका फरक पडतो, फार तर थोडा जास्त. रोजच्या गाडीत तो कळणारही नाही, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी तुम्ही ते केलंत. ज्या गाडीला सगळ्यांनी ‘ऑटोमॅटिक’ म्हणून बाजूला सारलं, ती तुम्ही तिच्यात बसणाऱ्या दोन बायकांच्या मापानं बेतलीत. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. घरी जाताना त्या ८८० वर पहिल्यांदा झोपल्या.

अलाइनमेंटचे आकडे इतरांसाठी लिहून ठेवते. पुढे कॅम्बर उणे दीड अंश, मागेही उणे दीड, पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली) शून्य, मागे दोन्ही चाकं मिळून दीड-दोन मिमी टो-इन. या गाडीत पुढचा कॅम्बर मुळात जवळजवळ शून्य असतो आणि बदलायची सोय फारशी नसते. स्ट्रटच्या वरच्या भोकात किंचित बारीक दांड्याचा बोल्ट घातला की साधारण एक अंश मिळतो, बाकीचं थोडं गाडी खाली आल्यानं. कॅम्बर बदलायला स्ट्रटच्या डोक्यावर बसवतात त्या महागड्या प्लेटची गरज पडली नाही. मागे उलटं आहे: गाडी खाली आली की कॅम्बर आपोआप वाढतो आणि टायर आतल्या कडेनं झिजतो, म्हणून तिथे लांबी बदलता येणारे खालचे आर्म घातले. वळणात गाडीचं कलणं रोखणारे स्टॅबिलायझर बार मूळचेच ठेवले, पुढे १८ मिमी, मागे १४. मागचा जाड घातला तर ओल्या वळणावर आतलं चाक हलकं होऊन मागचा भाग सुटायला लागतो. आणि शॉकअपच्या वरच्या नटाला इम्पॅक्ट गन लावायची नाही, दांडा आतल्या आत गरगर फिरून सील खराब होतो. दांडा ॲलन कीनं धरून साध्या पान्यानं आवळायचा. शेवटी हेडलाइटची उंची पुन्हा लावायची, हे तर मी कुठेच ऐकलं नव्हतं.

टायर मात्र तुम्ही सगळ्यात आधी बदलायला लावलेत. कंपनीचे २१५/४५ आर१७ मुद्दाम कमी पकडीचे होते. दुकानवाले १९ इंची चाकं गळ्यात मारत होते. तुम्ही १७ इंचच ठेवलीत, रुंदी ८ इंच, ऑफसेट ४५ मिमी, पीसीडी (बोल्टांची मांडणी) ५×१००, त्यांवर २२५/४५ चे उन्हाळी टायर. व्यास सव्वासहाशे मिमीचा सुमारे ६३४ होतो, म्हणजे दीड टक्काही फरक नाही, गिअरिंगला धक्का नाही. चाकाचे नट १२० न्यूटन मीटर, आणि थोडं चालवून झाल्यावर पुन्हा तपासायचे. सोबत ब्रेकचं ताजं डॉट ४ तेल, कारण जुन्या तेलानं ओलावा शोषला की उतारावर ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं.

ताकदीच्या बाबतीत तुम्ही ‘नाही’ म्हणालात, आणि का ते समजावलंत. हे दोन लिटरचं बॉक्सर इंजिन २०० हॉर्सपॉवर देतं, पण ७००० आरपीएमला. साधारण ३२०० ते ४५०० च्या मध्ये टॉर्कला, म्हणजे इंजिनच्या ओढीला, खड्डा आहे, आणि ऑटोमॅटिक नेमकी तिथेच येऊन बसते. तो भरायचा खरा उपाय म्हणजे वेगळा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, नवं प्रोग्रामिंग. पण कॅलिफोर्नियात कार्बचा (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा) ईओ, म्हणजे मंजुरीचा, क्रमांक नसलेला मॅनिफोल्ड स्मॉग चेकच्या, म्हणजे धूरतपासणीच्या, नजरतपासणीत अडकतो, आणि जुलै २०२१ पासून ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात, मंजुरी नसलेलं सापडलं की नापास. हे आधीच्या एकाही विक्रेत्यानं सांगितलं नव्हतं, मॅनिफोल्डची किंमत मात्र तोंडपाठ होती. नुसता सायलेन्सर बदलून दोन-चार हॉर्सपॉवर आणि भरपूर आवाज मिळतो, त्यालाही ९५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे. त्याऐवजी तुम्ही बिनखर्चाचा उपाय शिकवलात: डोंगरात स्पोर्ट मोड, वळणाआधी ब्रेकवर असतानाच स्टिअरिंगमागच्या पॅडलनं एक गिअर खाली, इंजिन ४५०० च्या वर ठेवून बाहेर पडायचं. वळणाच्या मध्यात गिअर खाली घ्यायचा नाही, वजन एकदम पुढे येतं. पेट्रोल ९१ ऑक्टेनचंच, कारण कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे.

आणि गिअरबॉक्स. ‘आयुष्यभर पुरणारं तेल’ हे वाक्य तुम्ही मानत नाही, आता मीही मानत नाही. ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर डोंगरात उष्णता तयार करतो, आणि तापलेलं तेल लवकर मरतं. या खोक्याला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ठरावीक तापमानाला आलं असताना, ओव्हरफ्लोच्या बोल्टातून पातळी बघावी लागते. गार तेलावर भरलं तर कमी-जास्त होतं आणि गिअर बदलताना झटके येतात. तेल टोयोटाच्या डब्ल्यूएस प्रतीचंच. ट्रॅकवर न्यायची असेल तर आधी वेगळा कूलर, मग बाकी सगळं. २०१३ च्या गाड्यांसाठी २०१८ च्या शेवटी निघालेला व्हॉल्व्ह स्प्रिंगचा रिकॉल (दोषी भाग बदलायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) आमच्या गाडीला लागू आहे का, हेही तुम्हीच चासी नंबर टाकून पाहिलंत.

उद्यमनगरातल्या लेथच्या आवाजात शिकलेले हात तुमचे. कोल्हापुरात असे अनेक आहेत, असं तुम्ही म्हणता. असतीलही. पण समोरचा माणूस काय चालवतो यावरून त्याची किंमत न करणारे, आणि विकायची वस्तू हातात असताना ‘ही घेऊ नका’ म्हणणारे मला इथे फार भेटले नाहीत. बिलात तुम्ही बुशच्या कामाची मजुरी लावली नाहीत. ‘ते दुसऱ्याचं चुकलेलं होतं, तुमचं नाही,’ म्हणालात. ज्यांचं चुकलं त्यांनी तर आमचा फोनही उचलला नव्हता.

गिअरबॉक्सचं तेल पुढच्या महिन्यात करायचं ठरलंय. डब्ल्यूएसचे डबे आणि गाळणी आणून ठेवली आहे, पॅनचं गॅस्केट तेवढं यायचंय. आणि एक परवानगी हवी आहे: तुमच्या वहीच्या त्या पानाचा फोटो इथल्या आणखी दोन ऑटोमॅटिकवाल्यांनी मागितलाय. देऊ का, कळवा.

सासूबाईंचा नमस्कार. काकूंना माझा.

तुमची,
लाल कूपेवाली