नाव निघालं का?

सांगली

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "काही नाही गं, सगळं ठीक" म्हणालीस आणि लगेच पुण्यातल्या पावसाचं सांगायला लागलीस. मी विषय काढला की तू "बरं, बरं" म्हणून गुंडाळतेस, म्हणून आज सवड काढून लिहायला बसले आहे. सावकाश वाच.

जुन्या कंपनीत कपात झाल्यावर तू जिथे मुलाखती दिल्यास, त्या कंपनीचं मला बाबांकडून कळलं. मुलाखतीच्या तिन्ही फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत त्यांनी "रुजू कधी होता येईल" असं विचारलं, एचआरने पगाराच्या जुन्या स्लिपा मागवून घेतल्या. तू तर घरमालकाला पुढच्या महिन्याचं भाडं वेळेवर देते म्हणून सांगूनही टाकलंस. मग आठवडाभर कुणाचा पत्ता नाही, आणि शेवटी दोन ओळींचा मेल, की ही जागा तूर्त होल्डवर ठेवली आहे. पहिल्याच फेरीत नकार आला असता तर तुला इतकं लागलं नसतं. हातातोंडाशी आलेला घास गेला की माणूस जास्त खचतो, हे मला कळतं.

पण त्यानंतर तू बाबांना जे म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. "माझ्यातच काहीतरी कमी असणार." माऊ, याच वाक्याबद्दल मला बोलायचं आहे. संगणकातलं मला तुझ्याइतकं कळत नाही, पण नोकरी मागणाऱ्यांचं मला कळतं. माझी सगळी नोकरी सेवायोजन कार्यालयात, म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये, गेली. ज्या खिडकीसमोर तू आज उभी आहेस, तिच्या आतल्या बाजूला मी बसत होते.

तू लहानपणी ऑफिसात यायचीस तेव्हा तुला शिक्के मारायला मिळाले की बस. तिथे काम काय चालायचं ते कधी सांगायचा प्रसंग आला नाही. मी 1986 मध्ये लागले. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे दाराबाहेर रांग जायची. येईल त्याचं नोंदणीचं एक्स-1 कार्ड भरायचं, त्याच्या शिक्षणाप्रमाणे आणि कामाप्रमाणे त्याला एनसीओचा, म्हणजे व्यवसायांच्या सरकारी वर्गीकरणाचा, क्रमांक द्यायचा. फिटरचा वेगळा, टायपिस्टचा वेगळा, शिक्षकाचा वेगळा. मग ते कार्ड त्या क्रमांकाच्या ड्रॉवरमध्ये नोंदणीच्या तारखेप्रमाणे लावायचं. उमेदवाराच्या हातात मिळायचं ते एक्स-10, सगळे त्याला एम्प्लॉयमेंटचं कार्ड म्हणायचे. मुदतीत नूतनीकरण केलं नाही तर नाव चालू नोंदवहीतून कमी व्हायचं आणि वर्षानुवर्षांची ज्येष्ठता जायची. गावाकडची पोरं आजारी पडली म्हणून, सुगीत अडकली म्हणून चुकायची आणि मग खिडकीशी येऊन गयावया करायची.

मग कुठून तरी मागणीपत्र यायचं. एसटीला वाहक हवेत, झेडपीला लिपिक हवेत, साखर कारखान्याला फिटर हवेत. आम्ही ड्रॉवर ओढायचो. शिक्षण बघायचं, वय बघायचं, प्रवर्ग बघायचा, नोंदणीची तारीख बघायची आणि जागांच्या कितीतरी पट नावं काढून पाठवायची. हा मुलगा कष्टाळू आहे का, मोटारीचा आवाज ऐकून बिघाड ओळखतो का, दिलेला शब्द पाळतो का, यासाठी त्या कार्डावर रकाना नव्हता. एकाची नोंदणी मार्चची, दुसऱ्याची जूनची. मार्चपर्यंतच्या नावांत मागणी भागली की जूनवाला राहिला. तो घरी जाऊन विचार करत बसायचा की आपलं कुठे चुकलं. त्याचं काहीही चुकलेलं नसायचं.

आणि नाव निघालं म्हणजे काम झालं असंही नाही. आमचा कायदा 1959 चा. सरकारी कार्यालयांनी आणि 25 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा आम्हाला कळवायच्या, एवढी सक्ती त्यात होती. आम्ही पाठवलेल्यांतूनच माणूस घ्या, असं तो कायदा म्हणतच नव्हता. हे रांगेतल्या लोकांना माहीत नसायचं. त्यांना वाटायचं, यादी गेली म्हणजे नोकरी आली. पुढे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ एक्स्चेंजच्या यादीवर भरती करू नका, जाहिरातही द्या आणि बाहेरून अर्ज करणाऱ्यांनाही विचारात घ्या. निकाल न्यायाचाच होता, मला तो पटलाही. पण ज्येष्ठतेच्या भरवशावर ज्यांनी वयाची तिशी गाठली होती, त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

जतहून एक मुलगा यायचा, आयटीआय केलेला वायरमन. सकाळची एसटी पकडून अकराच्या सुमाराला खिडकीशी हजर. कार्ड दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं, घडीवर चिकटपट्टी लावलेली. "मॅडम, नाव निघालं का?" एवढंच विचारायचा, नाही म्हटलं की निमूट परत जायचा. एकदा निघालं. मुलाखतीला जाताना मुद्दाम आमच्याकडे येऊन नमस्कार करून गेला. निवड झाली नाही. पुढच्या नूतनीकरणाला आला तेव्हा कार्ड पुढे सरकवताना म्हणाला, "मॅडम, मी मुलाखतीत काय बोलायला पाहिजे होतं?" त्या वेळी जागा एकच होती. तिथेच रोजंदारीवर असलेल्या एका माणसाला त्यांनी त्या जागेवर घेतलं होतं. निवडीचा कागद आमच्याकडे परत आलेला असल्यामुळे मला ते ठाऊक होतं. मी त्याला सांगून टाकलं. तो जरा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "मग बरं आहे." इतके महिने तो पोरगा रात्री अंथरुणात पडून त्याच मुलाखतीची उत्तरं नव्याने जुळवत होता.

तुला आलेल्या त्या दोन ओळींमागेही असंच काहीतरी असणार. परदेशातल्या गिऱ्हाईकाने कामाचा आकडा कमी केला असेल, वरून भरती थांबवायला सांगितलं असेल, नाहीतर त्यांच्याच बेंचवर, म्हणजे कामाशिवाय, बसलेलं माणूस त्या जागेवर सरकवलं असेल. त्या मुलाखत घेणाऱ्या बाई तुझ्याशी खोटं हसल्या नसतील. त्यांना तू हवीही असशील. हे सगळं तुला कोण सांगणार? आमच्या वेळी निदान खिडकीत एक माणूस तरी बसलेला असायचा, त्याला विचारता यायचं. आता मेलच्या तळाशी लिहिलेलं असतं की या मेलला उत्तर देऊ नका. याचा मला खरोखर राग येतो. माणसाचे तीन-तीन दिवस घेता, घरी सोडवायला काम देता, मग नाही म्हणायला कुणीतरी फोन उचलून बोलावं की.

आता हे वाचून हातावर हात धरून बसायचं, असा अर्थ काढू नकोस. तू पाठवलेल्या जाहिराती मी एकेक करून वाचल्या. नुसतं मॅन्युअल टेस्टिंग, म्हणजे सॉफ्टवेअर हाताने तपासणं, मागणारे त्यांत थोडेच आहेत. बहुतेकांना सेलेनियम किंवा प्लेराइट, म्हणजे ती तपासणी आपोआप करणारं टूल, हवं आहे, एपीआय टेस्टिंग हवं आहे, थोडं एसक्यूएल हवं आहे. तू सेलेनियम शिकते आहेस ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर आणखी चार कोर्स लावलेत म्हणालीस, ते कशासाठी? आमच्याकडे मुलं टायपिंगची, मिनिटाला 30-40 शब्दांची, प्रमाणपत्रं आणायची, त्यावर शॉर्टहँड, पुढे एमएस-सीआयटी, मिळेल ते जोडत जायची. प्रमाणपत्र हातात पडलं की चार दिवस बरं वाटतं. त्यापेक्षा एक गोष्ट पुरी शिक आणि तिच्यावर काहीतरी करून दाखव. आणि बायोडेटात एक बदल कर. विम्याच्या सॉफ्टवेअरवर तू चार वर्षं काम केलंस, क्लेमची प्रक्रिया तुला तोंडपाठ आहे, हे तू पार दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं आहेस. ते पहिल्या पाच ओळींत आलं पाहिजे. टूल शिकलेले शंभर जण मिळतील, पण विमा कळणारे त्यांत किती असतील?

तुझ्या मैत्रिणीने जो मार्ग सुचवला, पैसे देऊन मधल्या महिन्यांचं अनुभवपत्र आणायचा, त्याच्या वाटेलाही जायचं नाही. खरं-खोटं तर आहेच, शिवाय ते उघडकीला यायला वेळ लागत नाही. आता नोकऱ्या कितीही बदलल्या तरी पीएफचा यूएएन क्रमांक एकच राहतो. कुठल्या कंपनीत कधी लागलीस, कधी सोडलीस, हे त्यात उमटलेलं असतं आणि पडताळणी करणारे तेच बघतात. रुजू झाल्यावर पकडली जाऊन घरी बसलेली मुलं माझ्या माहितीत आहेत. मुलाखतीत गॅपचं विचारलं तर सरळ सांग, की कंपनीने आमची टीम बंद केली. एका वाक्यात सांग आणि पुढच्या प्रश्नावर जा. ती लाज वाटण्यासारखी गोष्टच नाही, त्यामुळे तिच्याभोवती लांबण लावायचं कारण नाही. तसंच, नोकरीसाठी जो आधी पैसे मागेल, मग ते डिपॉझिट म्हणून असोत, ट्रेनिंगचे असोत की लॅपटॉपचे असोत, तो नोकरी देणारा नाही. आणि थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, तिकीट आम्ही काढतो, असा मेसेज आला म्हणालीस, तो नंबर ब्लॉक कर. अशाच आमिषाला भुलून गेलेल्या आपल्या पोरांना पुढे म्यानमारमध्ये नेऊन डांबून ठेवलं, त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली. सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं आहे.

बेकारीत सरकारकडून काही मिळतं का, असं तू एकदा विचारलं होतंस. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, असलेल्यांसाठी अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आहे, अटींत बसलं तर जास्तीत जास्त 90 दिवस सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळते. पण ईएसआयला पगाराची मर्यादा 21 हजारांची, तुझा पगार त्यावर होता, म्हणून तुझा त्यात समावेश नाही. तुझ्यासारख्यांसाठी आपल्याकडे फारशी सोय नाही, हे खरं आहे.

लोकांचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मावशीकडच्या मुंजीला तू आली नाहीस ते याच कारणाने, मला माहीत आहे. "सध्या काय करते?" असं मला सगळ्यांनी विचारलं आणि मी सगळ्यांना सांगितलं, की कंपनीत कपात झाली, दुसरी बघते आहे. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी कुणी ना कुणी घरी बसलेलं आहेच. काकूंनी मात्र "मग आता उरकूनच टाका" असं लग्नाचं काढलं. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, की नोकरी नाही म्हणून लग्न, असं आमच्या घरात होणार नाही. तुला करायचं तेव्हा आणि ज्याच्याशी करायचं त्याच्याशी कर. या अडचणीतून सुटायला म्हणून करू नकोस.

बाबांची सूतगिरणी बंद पडली तेव्हा तू दुसरीत होतीस. तुला त्यातलं काही आठवत नसेल. पैशाची ओढाताण झाली, पण माझा पगार होता, आपण निभावलं. मला भीती वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. संध्याकाळी घाटावर त्यांचे मित्र जमायचे, तिथे जाणं त्यांनी बंद केलं, कारण तिथे जो तो आपापल्या कामाचं बोलायचा. मग बाजारात जाणं सोडलं. मग दाढी दोन-दोन दिवसांनी. शेवटी मामाच एका रविवारी आला आणि त्यांना हाताला धरून घेऊन गेला. कुपवाड एमआयडीसीतली स्टोअरकीपरची जागा त्यांना त्याच घाटावरच्या एकाकडून कळली. पगार आधीपेक्षा कमी होता, तरी त्यांनी घेतली आणि निवृत्त होईपर्यंत नीट केली. म्हणून सांगते, जुन्या टीममधल्या मुलींना फोन करायला संकोच करू नकोस. त्या आता निरनिराळ्या कंपन्यांत आहेत. त्यांच्या रेफरलने गेलेला अर्ज निदान कुणीतरी उघडून बघतं. हात पसरणं म्हणत होतीस तू त्याला. तुझ्या जागी त्यांच्यातली कुणी असती तर तू काय केलं असतंस?

मी 8 हजार पाठवले आहेत, ते परत पाठवायचे नाहीत. माझी पेन्शन आहे, बाबांच्या औषधांचं भागतं, घराचं कर्ज कधीच फिटलं. भाड्याचा फारच भार होत असेल तर दोन-तीन महिने इकडे ये, मुलाखती हल्ली बऱ्याचशा ऑनलाइनच असतात. यायचं नसेल तर तेही चालेल, पण ठरव ते भाड्याच्या हिशोबाने ठरव, आम्हाला काय वाटेल या विचाराने नको.

आणि एक काम या आठवड्यातच कर. पीएफच्या साइटवर जाऊन तुझ्या नोंदीत जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का ते बघ. नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला भरता येते. रिलीव्हिंग लेटर आणि फॉर्म 16 पण मागून घे, पुढे ऐनवेळी धावपळ नको. झालं की मला फोन कर, दुपारी चारनंतर मी घरीच असते.

तुझी,
आई