'गोरी वधू पाहिजे' आणि निळ्या डोळ्यांची बाहुली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'मला घडवणारं पुस्तक' या विषयावर आलेली वाचकांची पत्रं मन लावून वाचली. पुरवणी मिटताना शेवटच्या पानावरच्या वधू-वर जाहिरातींकडे नजर गेली. पहिल्याच रकान्यात 'गोरी' हा शब्द चार वेळा होता. तेव्हाच ठरवलं, माझं पुस्तक कोणतं ते आपल्याला कळवायचं.

अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' ही कादंबरी १९७० सालची. मी ती वाचली १९९४ मध्ये. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. साहित्याचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली, आणि घरात माझ्या लग्नाचं बघणं चाललेलं. 'मुलगी शिकलेली आहे, नाकीडोळी नीटस आहे, फक्त रंगानं जरा डावी आहे,' असं मावशी फोनवर सांगायची आणि मला आतल्या खोलीत ऐकू यायचं. तीन ठिकाणांहून नकार आले होते. रोज रात्री आई हळद-सायीची वाटी माझ्या उशाशी ठेवायची. तिचं काही चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तिला माझी काळजी होती, आणि त्या काळजीला दुसरी वाट तिला माहीत नव्हती.

मैत्रिणीनं आपल्या ग्रंथालयाच्या कार्डावर आणून दिलेलं ते पुस्तक मी शेजारी डिक्शनरी ठेवून वाचलं. कथा १९४१ सालची, ओहायो राज्यातल्या लोरेन गावातली. मॉरिसन यांचा जन्म याच गावातला. अकरा वर्षांची काळी मुलगी पिकोला देवाकडे निळे डोळे मागते. शर्ली टेंपल या गोऱ्या बालनटीचं चित्र असलेल्या कपातून ती पुन्हा पुन्हा दूध पिते, कारण त्या निमित्तानं तो चेहरा बघायला मिळतो. तिची आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला आहे. एकदा त्या स्वयंपाकघरात ओट्यावरचं ताजं, गरम गोड पक्वान्न पिकोलाच्या हातून खाली पडतं. रस तिच्या पायांवर उडतो, पाय भाजतात. आई धावत येते आणि तिलाच मारते, फरशी खराब केली म्हणून. मालकांची गोरी मुलगी रडू लागते, तर तिला मात्र जवळ घेते, दुसरं करून देते म्हणते. पोटची मुलगी आईला 'मिसेस ब्रीडलव्ह' म्हणते आणि ती परकी मुलगी तिला 'पॉली' म्हणून हाक मारते.

या पानांवर मी थांबले. उशाशी वाटी होती. त्या रात्री मी ती तशीच राहू दिली.

शाळेत असताना एका काळ्या मैत्रिणीनं आपल्याला निळे डोळे हवेत असं सांगितलं होतं, तिथून ही कादंबरी सुरू झाली, असं मॉरिसन यांनी नंतर लिहिलं आहे. दोन लहान मुलं सांभाळून, नोकरी करून, मिळेल त्या वेळात त्यांनी ती लिहिली. मग मी या वाटेवरची आणखी पुस्तकं शोधत गेले. अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे नेते माल्कम एक्स यांच्या १९६५ सालच्या आत्मचरित्रात केस सरळ करण्याचा प्रसंग आहे. लाय म्हणजे कॉस्टिक सोडा, त्यात अंडी आणि बटाटे घालून केलेलं मिश्रण. डोक्याची आग होत असतानाही ते सहन करतात आणि आरशात बघून खूश होतात. पुढे त्याच प्रसंगाची त्यांना शरम वाटली. काळे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक'मध्ये लहानपणची आठवण सांगितली आहे. वर्गातली मुलं एकमेकांना भेटकार्डं देत होती. नव्यानं आलेल्या एका मुलीनं यांचं कार्ड घेतलं नाही, नुसतं बघितलं. सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला जोखायची सवय कशी लागते, हे त्यांनी त्या पुस्तकात मांडलं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. पिकोलाचं दुःख ते माझंच दुःख, असं म्हटलं तर ते खोटं होईल. तिच्या मागे गुलामगिरीचा इतिहास आहे. माझ्या घराला जातीमुळे कुणी वेशीबाहेर ठेवलेलं नव्हतं. त्या पुस्तकांशी खरं नातं सांगण्याचा हक्क ज्यांचा, त्यांनी ते फार आधी सांगितलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या काळ्या लोकांना गुलामीतून मुक्त करणाऱ्यांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ड्यू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेचं नाव घेऊन. मला त्या पुस्तकांनी दिलं ते यापेक्षा लहान, पण माझ्यासाठी पुरेसं होतं: आरशात बघताना मावशीचा आवाज ऐकू येणं बंद झालं.

दोन वर्षांपूर्वी, निवृत्त होण्याआधी, नववीच्या वर्गाला मी कादंबरीतला बाहुलीचा प्रसंग माझ्या मराठीत सांगितला. क्लॉडिया नावाच्या मुलीला नाताळात निळ्या डोळ्यांची गोरी बाहुली मिळते. सगळ्यांना ही इतकी का आवडते, ते बघायला ती बाहुली तोडून टाकते. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या, तर बहुतेकांनी गोरी चांगली म्हणून दाखवली, हेही सांगितलं. अमेरिकेत शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्या अभ्यासाचा आधार घेतला गेला.

वर्ग शांत होता. मागच्या बाकावरच्या एका सावळ्या मुलीनं हात वर केला. "बाई, मग बाहुलीच्या आत काय निघालं?"

"भुसा," मी म्हटलं. "आणि आवाज काढणारी सहा भोकांची एक पत्र्याची चकती."

"एवढंच?" ती म्हणाली आणि शेजारणीकडे बघून हसली. त्या वयात मला कुणी हे सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाच्या वधू-वर जाहिरातींच्या अर्जावर 'वर्ण' असा एक रकाना छापलेला आहे. भाचीसाठी अर्ज आणला तेव्हा मी तो बघितला. तिची आई पेन उघडून त्या रकान्यापाशी अडली होती. तो रकाना आपण काढून टाकावा आणि 'गोरी', 'उजळ' हे शब्द जाहिरातीत घेऊ नयेत, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र. भाचीचा अर्ज आम्ही तो रकाना कोरा ठेवून दिला आहे.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा