आधी अक्षांश-रेखांश, मग रंग

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जिल्हावार आकडेवारी रंगीत नकाशात दाखवण्याची पद्धत आता वर्तमानपत्रांत, अहवालांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत चांगलीच रुळली आहे. क्यूजीआयएससारखं जीआयएस, म्हणजे नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती हाताळणारं, सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यामुळे नव्याने शिकणारेही पुष्कळ आहेत. पण शिकवणी बहुधा रंग भरण्यापासून सुरू होते. नकाशा बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, म्हणून हे पत्र.

पहिली चूक अगदी साधी आहे. बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो आणि त्याच क्रमाने रकाने भरतो. सॉफ्टवेअर मात्र एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश मागतं. अदलाबदल झाली की सगळे बिंदू भलत्याच देशात किंवा समुद्रात जाऊन पडतात. रिकाम्या घरात कोणी शून्य भरलं असेल, तर तो बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात सापडतो. अंश-मिनिटांचंही तसंच. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, ते १८.३० असं लिहिलं, तर बिंदू जवळपास २२ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. ही चूक जास्त वाईट, कारण बिंदू जमिनीवरच राहतो आणि कोणाला संशय येत नाही.

यानंतर कोऑर्डिनेट सिस्टीम (सीआरएस), म्हणजे जागा कोणत्या आकड्यांत मांडायची ती पद्धत. अक्षांश-रेखांशांच्या नेहमीच्या सिस्टीममध्ये, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये, मोजमाप अंशांत असतं. अशा लेयरवर (नकाशातल्या माहितीच्या थरावर) ५०० मीटरचा बफर, म्हणजे भोवतीचा तेवढ्या अंतराचा भाग, हवा म्हणून ५०० लिहिलं, तर सॉफ्टवेअर ५०० अंश घेतं आणि सगळं जग झाकून टाकतं. अंतर किंवा क्षेत्रफळ मोजायचं तर लेयर आधी मीटरमधल्या सिस्टीममध्ये न्यावा. एखाद्या जिल्ह्याएवढ्या भागासाठी यूटीएम ही सिस्टीम पुरते. त्यात जगाचे ६ अंश रुंदीचे ६० पट्टे आहेत. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, पूर्णांक घेऊन त्यात १ मिळवा, की पट्ट्याचा क्रमांक मिळतो. ऑनलाइन नकाशांच्या वेब मर्केटर या सिस्टीममध्येही एकक मीटरच दिसतं, पण त्यावर मोजू नये. ६० अक्षांशावर त्यात लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट भरतं.

इथेच एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ‘सेट लेयर सीआरएस’ या आज्ञेने फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलते, आतले आकडे तेच राहतात. आकडे खरोखर नव्याने काढायचे असतील तर ‘रीप्रोजेक्ट लेयर’ चालवावं लागतं. चिठ्ठी बदलून काम झालं असं समजणाऱ्याचा लेयर दुसऱ्या लेयरवर बसत नाही, आणि मग तासन्‌तास शोधाशोध चालते.

आकडेवारीचा तक्ता नकाशाला जोडणं, म्हणजे जॉइन, हा सगळ्यात वेळखाऊ भाग. शिकवताना तो दोन मिनिटांत उरकू नये. जोडणी जिल्ह्याच्या ठरलेल्या क्रमांकाने, म्हणजे कोडने करावी, नावाने नव्हे. नावात शेवटी एक रिकामी जागा राहिली तरी जुळत नाही. मराठी नावांत तर आणखी एक खोच आहे: ‘ऱ्ह’ दोन वेगवेगळ्या प्रकारे टाइप करता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द असतात. कोडचाही एक सापळा आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली की ‘०७’ चा ‘७’ होतो. पुढचं शून्य गेलं की जोडणी तुटते, त्या ओळीत नल, म्हणजे रिकामं मूल्य, येतं आणि श्रेणी पाडून रंगवलेल्या नकाशात तो तुकडा चक्क दिसेनासा होतो. फील्ड कॅल्क्युलेटरमधल्या (रकान्यांवर सूत्रं चालवण्याच्या साधनातल्या) एलपॅड फंक्शनने शून्य परत आणता येतं. तरीही नल उरलेल्या तुकड्यांसाठी खाली त्याच सीमांचा एक राखाडी लेयर ठेवून ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहावं. जोडणी झाल्यावर नल किती आले ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नकाशाची माहिती शक्यतो जिओपॅकेज या एकाच फाइलच्या प्रकारात ठेवावी. शेपफाइल हा दुसरा प्रचलित प्रकार म्हणजे एक फाइल नसून एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे असा संच असतो, आणि लोक त्यातली एकच पाठवतात. शिवाय तिच्यात रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मराठी नावाची तीन चिन्हं जेमतेम मावतात, आणि त्यात काना-मात्राही वेगळी चिन्हं म्हणून मोजायची.

आता रंग. नुसती संख्या रंगवली की नकाशा बहुतेक वेळा लोकसंख्याच दाखवतो. समजा, ४० लाख वस्तीच्या जिल्ह्यात २,००० रुग्ण आहेत आणि ५ लाख वस्तीच्या जिल्ह्यात ६००. संख्येने पहिला गडद दिसेल. लाखामागे काढलं तर पहिल्यात ५० आणि दुसऱ्यात १२० रुग्ण येतात, म्हणजे काळजी दुसऱ्याची करायला हवी. संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं वापरावीत.

श्रेणी कशा पाडल्या यानेही चित्र उलटतं. ३, ५, ६, ८, ९, ११, १४ आणि ९० हे आठ आकडे घ्या आणि चार श्रेणी करा. समान अंतराने पाडल्या तर सात आकडे पहिल्या श्रेणीत जातात, मधल्या दोन रिकाम्या राहतात आणि ९० एकटा उरतो. प्रत्येक श्रेणीत सारखेच आकडे येतील अशा पाडल्या तर १४ आणि ९० यांना एकच रंग मिळतो! आकडे तेच, नकाशे मात्र दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगणारे. म्हणून आधी हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या टप्प्यात किती आकडे आहेत ते दाखवणारा स्तंभालेख, पाहावा, मग पद्धत निवडावी. श्रेणी पाच-सहाच्या वर नेऊ नयेत. त्यापुढे छटा सूचीशी ताडून पाहणं डोळ्यांना जड जातं. चढत्या आकड्यांना एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटा द्याव्यात. लाल-हिरव्याची जोडी तर टाळावीच, कारण तो फरक अनेकांच्या डोळ्यांना कळत नाही.

आपल्या पत्रातही असे नकाशे येतात, म्हणून एक आग्रहाची विनंती: प्रत्येक नकाशाखाली आकडेवारीचा स्रोत, वर्ष, आकडा कशामागे काढला आहे आणि श्रेणी कोणत्या पद्धतीने पाडल्या, एवढं एका ओळीत छापावं.

आपला,
एक नकाशाकार वाचक