दादाला शाळेत जायचंय

दौंड,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय बये,

दिवाळीचा डबा पोचला. चकल्या दोन दिवसांत संपल्या, अनारसे मी लपवून ठेवले होते तेही सापडले. तुझं पत्र चकल्यांच्या खाली होतं आणि तेलाचा डाग नेमका "अजून किती दिवस असं चालवणार आहेस?" या, पोरांना घरी शिकवण्याबद्दलच्या ओळीवर पडलाय. मी ते पत्र फ्रिजवर लावलं होतं. आमच्या दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या मुलानं, ते वाचलं. त्यानं काय केलं ते पुढे सांगते, आधी बाकीचं.

आमच्याकडे सकाळ कशी उजाडते हे तू गेल्या वर्षी पाहिलंच आहेस. यांची नाईट असली तर साडेसहाला दारात बूट वाजतात, आणि त्या आवाजानं शेंडेफळ उठतं. मग भाकरीचा तवा, थोरल्या लेकीची, ताईची, चहाची कुरकूर, चिऊचं "माझी पट्टी कुणी घेतली". नऊच्या सुमाराला जेवणाचं टेबल पुसलं की तेच आमचं वर्गाचं टेबल. एकाच वेळी ताईचं बीजगणित, दादाचे अपूर्णांक, चिऊचं जोडाक्षर आणि बाळ्याचं पाटीवर "ग" उलटा काढणं. डी.एड.ला आपल्याला बहुवर्ग अध्यापन शिकवलं होतं ना, तेव्हा तू पाठीमागच्या बाकावर झोपली होतीस. आता तू जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मी स्वयंपाकघरात, दोघी तेच करतोय.

लोकांना वाटतं आम्ही ख्रिस्ती, म्हणून धर्मापायी मुलं घरी ठेवली. आमच्या कॉलनीतल्या एकीनं मला सरळ विचारलं, "तुमच्यात शाळेत पाठवत नाहीत का?" तुमच्यात! मला हसावं की रडावं कळेना. ज्या नगरला तू नि मी डी.एड. केलं, तिथंच मिशनरी सिंथिया फरारबाईंच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले. नगरकडचे ख्रिस्ती म्हणजे घरटी एक मास्तर नाहीतर एक नर्स, हे तुला मी सांगायला नको. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, छडीसकट.

खरं कारण अगदी साधं होतं. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात एक मोबाईल, शिकणारी मुलं दोन, चिऊ पाच वर्षांची आणि बाळ्या रांगत होता. ताईची पाचवी संपली होती. मी तिला भागाकार दिला, तिनं पायऱ्या बरोबर केल्या, उत्तर बरोबर काढलं, आणि मी विचारलं की हे बारा कुठून आले, तर तिला सांगता येईना. साठ पोरांच्या वर्गात ते कुणाच्या लक्षात येणार? मास्तरांना मी दोष देत नाही. पण त्या दिवशी आम्ही शेंगदाणे घेऊन बसलो, वाट्यांत वाटून वाटून भागाकार केला, आणि तिचा चेहरा उजळला तो मला अजून दिसतो. शाळा उघडल्या तेव्हा यांनी विचारलं, "घालायचं परत?" मी म्हटलं, एक वर्ष बघू. त्या एका वर्षाची चार झाली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

घर शाळा झालं की घरातलं सगळंच शाळा होऊ लागतं. आमच्याकडे ते प्रार्थनेचं झालं. आपल्या लहानपणी आईबाबा रात्री चटई टाकून कुटुंब प्रार्थना घ्यायचे, आम्ही पेंगत असायचो, एखादं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन व्हायचं, वडील एक अध्याय वाचायचे, झालं. कुणी काही विचारायचं नाही. मी मात्र शिक्षिका ना! मी वाचन झालं की प्रश्न विचारायला लागले. दाविदानं किती गोटे उचलले? योनाला कुठल्या शहरी जायचं होतं? ज्याला आलं त्याला शाबासकी. पाठांतराचा तक्तासुद्धा केला भिंतीवर, चांदण्या चिकटवून. मला वाटायचं मी फार छान करतेय. चर्चमधल्या बायकांनी तक्त्याचा फोटो मागून नेला, त्यानं तर मी आणखीच फुगले.

पावसाळ्यात एकदा दादानं चिऊच्या डोक्यात पट्टी मारली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जा, तेविसावं स्तोत्र दहा वेळा लिहून काढ. त्यानं लिहिलं, अक्षर सुरेख, एक काना चुकला नाही. वही माझ्यासमोर ठेवली आणि अगदी शांतपणे म्हणाला, "आई, हे तपासणार का तू?"

मी लाल पेन हातात घेतलं होतं गं.

तेच स्तोत्र माझ्या आजीनं शेवटच्या रात्री माझा हात धरून म्हटलं होतं. आणि मी ते माझ्या पोराला वर्गाबाहेर अंगठे धरायला लावतात तसं दिलं. त्यानंतर कित्येक दिवस तो रात्री चटईवर बसायचा, डोळे मिटायचा, आणि त्याचं तोंड बंद असायचं. ओरडून विचारण्यासारखं काही नव्हतं, कारण तो बसलेला तर असायचा.

मी पाळकसाहेबांकडे गेले. वाटलं, ते काही मोठं सांगतील. ते म्हणाले, तक्ता काढा आधी. मी काढला. चांदण्यांचे डाग भिंतीवर राहिलेत, नाताळच्या रंगकामात जातील. आता रात्री मी प्रश्न विचारत नाही. वाचन ताई किंवा हे करतात, मी भांडी घासून ओल्या हातानं येऊन मागं बसते. ज्याला प्रार्थना करायची त्यानं करावी, नाही त्यानं ऐकावी. बाळ्या रोज शेजारच्यांच्या कोंबडीसाठी प्रार्थना करतो, कारण तिची पिल्लं मांजरानं नेली. परवा लाईट गेली होती, अंधारात दादा अचानक बोलला. काय बोलला ते तुला सांगणार नाही. ते त्याचं.

हां, आणि तुझ्या सासूबाई! आषाढीत तुकोबांची पालखी वरवंडला मुक्कामी होती तेव्हा आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो होतो, त्यांनी सांगितलं असेलच. पाय सुजलेले, तरी पोरांना जवळ घेऊन बसल्या. ताईनं टिळकांचं एक भजन म्हणून दाखवलं तर म्हणाल्या, "अगं, ही तर आपलीच चाल." ताईला तेव्हापासून अभंगाचं वेड लागलंय. मराठीचा अभ्यास मी वेगळा घेत नाही आता तिचा.

अभ्यासाचं म्हणशील तर सगळ्यात चांगला वर्ग आमचा रेल्वेत भरतो. पुण्याला जाताना चिऊ खिडकी पकडते आणि प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची समुद्रसपाटीपासूनची उंची वहीत उतरवते. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत. एकदा पुण्याचा आकडा दौंडपेक्षा मोठा निघाला म्हणून ती हटून बसली की पाटी चुकली आहे, कारण गाडी चढल्यासारखी वाटत नाही. मग दादानं तिला विचारलं, मुळा-मुठेचं पाणी कुणीकडं जातं? आपल्या भीमेकडं. मग उंच कोण? पोरगी उरुळी येईपर्यंत गप्प होती. मी एक शब्द बोलले नाही. असे दिवस आले की वाटतं, आपण केलं ते बरोबर केलं. आणि ज्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कुणी पुस्तक उघडत नाही, कुकरची शिट्टी उडते आणि दोघं मारामारी करतात, त्या दिवशी तुझ्या शाळेची घंटा मला स्वर्गातली वाटते.

केडगाव आलं की मी पोरांना पंडिता रमाबाईंचं सांगते, दर वेळी तेच, त्यांना पाठ झालंय. १८५८चा जन्म रानातल्या आश्रमातला, आईनं संस्कृत शिकवलं. दिवसभर कामाला सुट्टी नाही म्हणून ती माऊली पहाटे पेंगणाऱ्या पोरीला उठवून शिकवायची. पुढे दुष्काळात आईवडील गेले, आणि हीच मुलगी भावाबरोबर पायी देश फिरत १८७८ला कलकत्त्याला पोचली तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला "पंडिता" म्हटलं. खेड्यातल्या बाईला वाचता यावं अशा मराठीत तिनं अख्खा पवित्र शास्त्राचा अनुवाद केला, हिब्रू आणि ग्रीक शिकून. छपाईचे खिळे जुळवले ते तिच्या इथल्या, केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुलींनी. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात माझी बाजू आहे असं मला वाटायचं. घरी शिकलेली मुलगी कुठं पोचली बघा!

तर मागच्या महिन्यात मी ती सांगत असताना दादा म्हणाला, "पण तिनं स्वतः शाळाच काढली ना? शारदा सदन. १८८९." साल माझ्याकडूनच शिकलेला. आणि ताई, जी एरवी माझ्या बाजूनं असते, तीही म्हणाली, "तिला शाळा नव्हती म्हणून ती घरी शिकली, आई."

अख्ख्या डब्यात शेंगदाणे विकणारासुद्धा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं.

त्यानंतर चार दिवसांनी तुझं पत्र आलं, फ्रिजवर लागलं, आणि त्या तेलाच्या डागाखाली एके सकाळी पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: "जूनपर्यंत." अक्षर सुरेख. दादाचं.

त्याला कबड्डी खेळायची आहे. त्याला बाकावर शेजारी कुणीतरी हवंय ज्याला त्याची बहीण म्हणता येणार नाही. अकरा वर्षांचा आहे, बरोबरच आहे त्याचं. मी दोन दिवस रुसले, हे तुला म्हणून सांगते. रात्री देवाशी भांडले पण. चार वर्षं जीव ओतला, आणि याला घंटा हवीय. यांनी ड्युटीवरून फोनवर ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, एक वर्ष बघू."

ताईचं ठरलंय. तिच्याकडे पाचवीचा दाखला होता म्हणून बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरता आला, फेब्रुवारीत दहावीला बसतेय. चिऊ म्हणते मी नाही जाणार, तिला नको पाठवायला. बाळ्याला विचारायचं म्हणजे कोंबडी पण नेऊ का असं विचारेल.

दादासाठी मी इथल्या एका शाळेत चौकशीला गेले. तिथले बाबू म्हणाले, पहिलीनंतरचा कागद नाही तर थेट सातवीत कसं घेणार, दुसरीपासून बसवा. अकरा वर्षांचं पोर दुसरीत! मी तुझी मैत्रीण आहे हे विसरू नकोस. मी २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातलं वयानुरूप प्रवेशाचं कलम आणि दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही ते, दोन्ही बोलून दाखवलं. ते म्हणाले, साहेब रजेवर आहेत. तू हेच काम रोज करतेस, तर मला लिही की अर्जात नेमकं काय लिहायचं आणि पोच कुणाची घ्यायची. बुडालेल्या विषयांची वेगळी तयारी तुमच्याकडे कशी करून घेतात तेही.

आणि एक मागणं आहे. नाताळ झाला की आठ दिवस दादाला तुझ्याकडे पाठवू का? तुझ्या सहावीच्या वर्गात मागं बसू दे. मुख्याध्यापकांना विचारून बघ, नाही म्हणाले तर राहू दे. इंग्रजीत तो कच्चा आहे, गणितात तुझ्या पोरांना भारी पडेल, आणि हात वर करायचा असतो हे त्याला माहीत नाही, तो थेट बोलतो. रागवू नकोस एकदम. आणि तो चुकला तर तुझी ती दहा वेळा लिहायची शिक्षा देऊ नकोस, एवढं माझं ऐक.

डबा रिकामा परत करणार नाही. नाताळच्या करंज्या आणि डोनट त्याच्याबरोबरच पाठवते. भाऊजींना सलाम, सासूबाईंना नमस्कार.

तुझीच,
चिमी

ता. क. दादा विचारतोय, तुमच्या शाळेत खिचडी कुठल्या वारी असते.