विधी प्रवेशात नापास, पण नेमके कशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीईटीचे निकाल लागले की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत गुणवंतांची छायाचित्रे छापून येतात, आणि ती यायलाच हवीत. त्याच वर्षी अर्ज करूनही ज्यांना विधी महाविद्यालयात जागा मिळाली नाही आणि जे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहेत, त्यांच्याविषयी मात्र सहसा काही वाचायला मिळत नाही. मी त्यांच्यापैकी एक आहे. तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमासाठी मी 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन वर्षे अर्ज केला, तिन्ही वेळा बाहेर राहिले, आणि 2025 मध्ये चौथ्या अर्जावर मला प्रवेश मिळाला. सोलापूर जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयाच्या फाटकासमोर माझे टंकलेखनाचे, झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. लोकांचे फॉर्म भरून पोट भरणाऱ्या बाईला स्वतःचा फॉर्म तीन वर्षे धड भरता आला नाही, ही थट्टा मी बार रूमच्या पायरीवर पुष्कळदा ऐकली आहे, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

बाहेर राहिलेल्या उमेदवाराकडे सगळे 'नापास' म्हणून पाहतात, तोही स्वतःला तेच म्हणवून घेतो, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीच पुस्तके उघडतो. माझ्या तीन अपयशांपैकी फक्त एक अभ्यासाचे होते. उरलेली दोन कागदांची आणि पसंतीक्रमाची होती. पण हे मला कोणी सांगितले नाही, आणि माझे मलाही फार उशिरा कळले. या पत्राचे कारण एवढेच आहे.

अभ्यासाचे अपयश आधी सांगते. 2022 मध्ये परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. दिवसभर वकालतनामे, प्रतिज्ञापत्रे आणि कैफियती टंकित करत असल्यामुळे कायद्याच्या विभागात आपल्याला कोण अडवणार, असा माझा भ्रम होता. तेव्हाच्या दीडशे गुणांच्या प्रश्नपत्रिकेत कायदेविषयक अभिवृत्तीला अवघे 30 गुण होते, तर्कक्षमतेला 30, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना 40 आणि इंग्रजीला तब्बल 50. म्हणजे ज्या विभागावर मी विसंबून होते तो पाचवा हिस्सा, आणि ज्या इंग्रजीला मी घाबरून दूर ठेवले तो तिसरा हिस्सा. बाकीची प्रश्नपत्रिका मराठीतूनही असते, इंग्रजीचा विभाग अर्थातच इंग्रजीतच असतो. त्यात भर म्हणून, उत्तराची खात्री नाही म्हणून मी 19 प्रश्न कोरे सोडून आले. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. मी ते वाचले नव्हते. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची सीईटी आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट अशा दोन्ही परीक्षा देणारी मुलेही इथेच घोटाळा करताना मी पाहते, कारण क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तरामागे पाव गुण वजा होतो आणि ती सवय हाताला लागलेली असते. या अपयशाला उपाय होता. वर्षभर रोज दुकान बंद केल्यावर मी इंग्रजी उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवले आणि 2023 मध्ये माझे गुण पुष्कळ वाढले.

गुण वाढले, आणि मी पुन्हा बाहेर राहिले. हे दुसरे अपयश मला सविस्तर सांगायचे आहे, कारण पुन्हा अर्ज करणाऱ्यांना नेमका हाच खड्डा आडवा येतो. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला बसण्यासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात 45 टक्के, इतर मागास प्रवर्गात 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के गुण लागतात. मी इतर मागास प्रवर्गातील, आणि बी.ए.ला मला 43.67 टक्के गुण होते. लग्नानंतर, पहिले मूल पदरात असताना दिलेल्या परीक्षेचे ते गुण आहेत. त्यांची मला लाज नाही. पहिल्या वर्षीचे सगळे कागद मी नीट फाइलमध्ये जपून ठेवले होते आणि दुसऱ्या वर्षी तेच जसेच्या तसे अपलोड केले. त्यात नॉन-क्रिमिलेअरचा दाखलाही होता. माझा दाखला एका वर्षापुरता होता आणि त्याची मुदत 31 मार्च 2023 रोजी संपली होती. प्रवेशासाठी मात्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारा दाखला हवा होता. दाखला बाद म्हणजे मी खुल्या प्रवर्गात, आणि खुल्या प्रवर्गात गेले की 43.67 टक्क्यांवर मी पात्रच नाही. सीईटीच्या गुणांपर्यंत गोष्ट पोहोचलीच नाही. पहिल्यांदा अर्ज करणारा सगळे दाखले नव्याने काढतो, म्हणून त्याच्या हातून ही चूक क्वचितच होते. ज्याच्याकडे गेल्या वर्षीची फाइल तयार आहे तोच तिच्यात सापडतो.

छाननीत त्रुटी निघाली तर अर्ज दुरुस्तीसाठी उमेदवाराकडे परत येतो, त्याचा संदेश येतो आणि दुरुस्तीला काही दिवस मिळतात. मला तो संदेश वेळेत दिसला नाही, कारण नोंदणी करताना मी दुकानाचा ई-मेल पत्ता दिला होता आणि त्या पेटीत शेतकरी योजनांपासून शिष्यवृत्तीपर्यंत शेकडो संदेश साचलेले होते. आमच्या व्यवसायातील ही वाईट खोड मी इथे उघड कबूल करते: गिऱ्हाईकाचा ई-मेल नसला की आम्ही आमचाच टाकतो, पासवर्ड आमच्याच वहीत राहतो, आणि उमेदवार घरी निकालाची वाट पाहत बसतो. त्या वर्षानंतर माझ्या दुकानात उमेदवाराच्या स्वतःच्या मोबाइलवर त्याचा ई-मेल उघडून दिल्याशिवाय अर्ज भरला जात नाही. यावरून दोन गिऱ्हाइके भांडून निघूनही गेली.

तिसरे अपयश थोडक्यात आटोपते. 2024 मध्ये परीक्षा मार्चमध्ये झाली, गुण चांगले होते, दाखला ताजा होता, आणि पसंतीक्रमात मी फक्त तीन महाविद्यालये भरली, तीही मुंबई-पुण्याची. 1855 पासूनचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि 1924 पासूनचे पुण्याचे आयएलएस ही नावे कोर्टाच्या आवारात रोज आदराने घेतली जातात, आणि ओळखीच्या वकील मंडळींनी "घ्यायचे तर मोठेच घे" असा सल्ला दिला होता. दुकान आणि सासूबाई सोडून मी पुण्याला राहणार कशी, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅपच्या) फेऱ्या संपल्या, नाव कुठेच लागले नाही. नंतर जागा शिल्लक राहिल्या तर महाविद्यालयांत संस्थास्तरीय फेरी होते, हेही ठाऊक नसल्याने मी त्या वर्षीचा विषय संपला असे समजून फाइल कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी मी घरापासून एसटीने जाऊन-येऊन करता येईल अशा सगळ्या महाविद्यालयांची नावे भरली, आणि त्यांतल्याच एकात आज मी शिकते आहे.

यात माझ्या चुका किती आणि व्यवस्थेच्या किती, असे कोणी विचारले तर बहुतेक माझ्याच, असे मी म्हणेन. सीईटीवरही माझा राग नाही. राज्यात 2016 पासून विधी प्रवेश सीईटीने होऊ लागले, आणि गुणवत्ता यादी पदवीच्या नव्हे तर सीईटीच्या गुणांवर लागत असल्यामुळेच माझ्यासारख्या 43 टक्केवालीला दार उघडले. पदवीच्या टक्क्यांवर प्रवेश होत राहिले असते, तर मी चाळीस वेळा अर्ज करूनही उपयोग झाला नसता. वयाचेही तसेच. विधी प्रवेशासाठी वयोमर्यादा पुन्हा लागू करणारे परिपत्रक विधी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2016 मध्ये काढले होते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि आज पन्नाशीतला माणूसही ही सीईटी देऊ शकतो. तरीही "ताई, वय निघून गेलं आता" असे सांगणारे दर आठवड्याला कोणीतरी भेटते.

माझे म्हणणे वेगळ्याच मुद्द्यावर आहे. सीईटीचे गुण त्या एका वर्षापुरतेच चालतात. पुन्हा अर्ज करायचा तर पुन्हा नोंदणी, पुन्हा शुल्क आणि पुन्हा परीक्षा. दर वर्षी उमेदवार कोरी पाटी घेऊन येतो हे एका अर्थी न्याय्यच आहे. पण त्यामुळे गेल्या वर्षी तो कोणत्या टप्प्यावर आणि का थांबला, याचा कसलाही कागद त्याच्या हाती उरत नाही. तारखांचे वेळापत्रकही दर वर्षी निराळे. ऑगस्ट 2022, मे 2023, मार्च 2024 आणि पुन्हा मे 2025, असे परीक्षेचे महिने फिरत राहिले. ज्याचे दाखले 31 मार्चला बांधलेले आहेत, त्याच्यासाठी मार्चमधली परीक्षा आणि ऑगस्टमधली परीक्षा या दोन निराळ्या गोष्टी असतात.

याहून गंभीर प्रकार पात्रतेचा आहे. माझ्या दुकानात येणाऱ्या एका अंगणवाडी मदतनीस ताईंनी दोन वर्षे सीईटी दिली, दोन्ही वर्षी चांगले गुण मिळवले, आणि दोन्ही वेळा त्यांचा अर्ज कागदपत्रांच्या तपासणीत बाद झाला. शाळा दहावीतच सुटल्यामुळे त्यांनी बारावी न करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली होती. बार कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार, पायाभूत शिक्षण न घेता थेट मुक्त पद्धतीने पदवी मिळवलेल्यांना विधी अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून किंवा पत्राद्वारे पदवी घेतलेल्यांना मात्र आडकाठी नाही. हा नियम योग्य की अयोग्य, हा वाद मोठा आहे आणि माझ्या मते तो पुन्हा तपासला जायला हवा. परंतु नियम आहे तोवर, शुल्क भरून परीक्षा देण्याच्या आधीच त्या ताईंना तो कळायला हवा होता. पहिल्या वर्षी "कागदपत्रे अपूर्ण" असा अर्थ लावून त्या दुसऱ्या वर्षी जास्तीच्या झेरॉक्स घेऊन आल्या. तो दुसरा अर्ज मीच भरून दिला होता. नियम मला तेव्हा माहीत नव्हता.

म्हणून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती अशी की, प्रवेशाच्या सर्व फेऱ्या संपल्यावर ज्यांना जागा मिळाली नाही अशा प्रत्येक उमेदवाराच्या खात्यावर एक पानभर मराठी टिपण द्यावे. गुण कमी पडले, पात्रता नव्हती, अमुक दाखला अमुक तारखेमुळे ग्राह्य धरला नाही, की भरलेल्या पर्यायांत जागा उरली नव्हती, हे त्यात शब्दांत लिहिलेले असावे. गुण कमी पडले असतील तर त्याने भरलेल्या महाविद्यालयांत त्याच्या प्रवर्गातून शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला तेही असावे. ही सगळी माहिती संगणकात असतेच. दुसरे असे की, नोंदणी करताना पदवीचे टक्के, प्रवर्ग, दाखल्याची मुदत आणि बारावी झाली की नाही एवढे विचारून, शुल्क घेण्यापूर्वीच पात्रतेचा इशारा द्यावा. ज्याला तो इशारा मान्य नसेल त्याने पुढे जावे, पण डोळे उघडे ठेवून जावे.

ही निकड वाढणार आहे. बार कौन्सिलने ऑगस्ट 2025 मध्ये नव्या विधी महाविद्यालयांना तीन वर्षे मान्यता न देण्याचा निर्णय घेतला. त्याची कारणे पटण्यासारखी आहेत, कारण शिक्षक आणि ग्रंथालय नसलेली महाविद्यालये उघडून कोणाचेच भले होत नाही; पण एका तुकडीत 60 विद्यार्थी आणि नवी महाविद्यालये नाहीत, म्हणजे यंदा बाहेर राहिलेले पुढच्या वर्षीच्या रांगेत पुन्हा उभे राहणारच.

त्या अंगणवाडी मदतनीस ताई आता बारावीचा फॉर्म भरणार आहेत. बारावी आता करून आधीची पदवी ग्राह्य धरली जाईल की पदवीही नव्याने घ्यावी लागेल, असे त्यांनी मला विचारले. यावेळी मी अंदाजाने उत्तर दिले नाही. तसा लेखी प्रश्न बार कौन्सिलला पाठवायचा त्यांचा अर्ज मी टंकित करून दिला आहे आणि उत्तरासाठी पत्ता त्यांच्या घरचा घातला आहे.

आपली विश्वासू,
विधी शाखेच्या प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी
(जि. सोलापूर)